संमतीखालची ओळ

बाबा, आज अकोल्याच्या कोर्टात एका निकालाचं भाषांतर करताना तो शब्द पुन्हा आडवा आला, कंटिन्जंट. वीस वर्षं हेच काम करतेय, पण या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही. खर्चाच्या कागदात आला की मी 'आकस्मिक' लिहिते, पोलीस बंदोबस्तात 'पथक', करारात 'सशर्त'. दर वेळी आधी मागचंपुढचं सगळं वाचते, मगच त्याला आत घेते. ही खोड तुमच्यामुळे लागली. तो शब्द मी पहिल्यांदा तुमच्या अक्षरात वाचला होता.

अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर. मी अठराची, कॉलेजच्या छात्रसेनेतून दिल्लीच्या परेडसाठी निवड झालेली. आई भाकरी थापते आहे, तुमचा काळा कोट खुंटीला. फॉर्मवर वरच इंग्रजीत छापलंय, कंटिन्जंट, म्हणजे आमचं पथक. तुम्ही फॉर्म दोनदा वाचता, उलटून मागची कोरी बाजूही बघता. मग सही करता, आणि सहीखाली बारीक अक्षरात इंग्रजीत एक ओळ लिहिता: शेवटपर्यंत महिला शिक्षक सोबत असेल तरच ही संमती. त्या ओळीतही तोच शब्द, इथे 'सशर्त' या अर्थानं. मी विचारलं, "बाबा, हा तर वर हाय. खाली काहून लिहिला?" तुम्ही म्हणालात, "वरचा तुले घेऊन जाते, खालचा तुले सांभाळते." मला ते इतकं आवडलं की मैत्रिणींनाही सांगून आले.

चौथ्या दिवशी फॉर्म परत आला. छात्रसेनेच्या मॅडम म्हणाल्या, संमती एक तर असते नाहीतर नसते, अटी घातलेली चालत नाही. तोवर मुदत संपली होती. माझ्या जागी मोर्शीची एक मुलगी गेली. तुम्ही म्हणालात, "माया ध्यानातच नाही आलं." तुमच्या ध्यानात नाही आलं? समोरच्या पक्षाचे असेच अटी खुपसलेले कागद तुम्ही जन्मभर फेटाळायला लावलेत, आणि जेवताना आम्हाला रंगवून सांगितलेत. आई त्यावर एकदाच बोलली, ओट्याकडे तोंड करून, "त्याइले ठाऊक नसन का व? वकील माणूस होय ते."

पण मग ते बूट? सही करायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला परेडचे काळे बूट आणून दिलेत. मापापेक्षा बोटभर मोठे. "दिल्लीत थंडी रायते, जाड मोजे घालाले लागतीन." ज्याला मुलगी पाठवायचीच नाही तो माणूस मोज्यांचा विचार कशाला करेल? तुमच्या बाजूचा एवढा एकच पुरावा माझ्याकडे आहे, आणि त्याचीही मी उलटतपासणी घेत बसते. कदाचित फॉर्म परत येणार हे धरूनच तुम्ही माझी समजूत आधी काढून ठेवली असेल. दोन वर्षांनी तुम्ही गेलात. विचारायचं राहिलं, भांडायचंही राहिलं. मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे, बाबा.

आज सकाळी तुमच्या नातीनं फॉर्म पुढे केला. खेळाच्या पथकातून गुवाहाटीला जायचंय तिला. गेल्याच रविवारी मी तिला नवे बूट घेऊन दिले, दुकानात तिच्यापेक्षा मीच जास्त नाचत होते. सही केली. मग कागदावरून पेन उचललंच नाही, खाली लिहीत गेले: महिला प्रशिक्षक सोबत असतील तरच. लिहिताना मी काहीही विसरले नव्हते. असा फॉर्म परत येतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

हे पत्र निकालाच्या कच्च्या कागदांत ठेवून देईन, तुम्हाला पाठवायचं तरी कुठे. दोन्ही फॉर्म माझ्यासमोर टेबलावर आहेत. हो, दोन. पोरगी एक जादाचा घेऊन आली होती. "आई, एखादा खराब झाला तर असू दे," म्हणाली, आणि मी तुमच्याकडे बघायला हवं होतं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. पाच वाजता ती फॉर्म न्यायला इथे कोर्टात येईल. पावणेपाच झालेत, आणि दुसरा फॉर्म अजून कोराच आहे.