उर्सुलाच्या घराच्या खुंट्या

प्रिय उर्सुला,

आधी बातमी ऐक, मग काय रागवायचं ते रागव. तुझं घर तुझंच राहिलं! काल भर कोर्टात निकाल झाला आणि खाण कंपनीचा मॅनेजर, तो प्रिंगल, असा लालबुंद झाला की कुणीतरी त्याला पाणी दिलं. मी दिलं नाही.

इथला कायदा तुला ठाऊक आहे. खाणीचा परवाना असेल त्याला घरापुरती जमीन. पण घर ओस पडून चूल विझली, की कुणीही यावं, कोपऱ्यांत खुंट्या ठोकाव्यात आणि मालक व्हावं. नवरा गेला, डेनिसला मातीत ठेवून तू मेलबर्नला बहिणीकडे गेलीस, तेव्हापासून प्रिंगलचा डोळा तुझ्या धुराड्यावर. त्याला तुझ्या जागेत खाणीतला गाळ सोडायचा होता. म्हणून मी रोज तुझी चूल पेटवायची, बटाटेही तिथेच उकडायची. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काम काय?

गेल्या रविवारी सगळी वस्ती चर्चमध्ये, आणि साहेब गडी घेऊन हजर! मी दारात आले, हातात बटाटे सोलायची सुरी.

"बाई, तुम्ही आज चर्चमध्ये मिस्साला नाही?"

"तुम्ही तरी कुठे आहात? माझं देवाशी मी बघून घेईन."

तो हसत खुंट्या ठोकत राहिला. मूर्ख! रविवारी कुदळ उचलायची नाही, खुंटी ठोकायची नाही, हा इथे सोनं सापडल्यापासूनचा नियम. मी पातेलं घेऊन रस्त्यावर आले आणि डावाने बडवत सुटले. पातेलं वाजलं की संकट समजून धावायचं, हे आपल्या म्हाताऱ्या खाणकऱ्यांच्या हाडात मुरलंय. अख्खं चर्च धावत आलं, फादरसकट! सगळे साक्षीदार.

कोर्टात त्याच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही या घराच्या कोण?"

म्हटलं, "कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर होतो आम्ही. नन्सच्या छड्याही दोघींनी मिळून खाल्ल्या. ती येईपर्यंत तिची चूल माझी."

मॅजिस्ट्रेट म्हणाले, चूल पेटती आहे, म्हणजे घर नांदतं आहे. आणि रविवारच्या खुंट्या रद्द. प्रिंगलने त्या स्वतः उपटाव्यात! निकालानंतर तो तुझ्या अंगणात उपटायला वाकला, तेव्हा म्हातारा टिमथी कुंपणावरून ओरडला, "अजून वाका साहेब, सोनं लागेल!"

मागच्या पत्रात तू लिहिलंस, "जाऊ दे विनी, बहिणीच्या स्वयंपाकघरामागे माझी खाट आहे, तेवढी पुरे." पुरे? डेनिसने एकेक फळी स्वतः रंधा मारून बांधलेल्या घराची मालकीण तू, आणि बहिणीची भांडी घासत बसलीस? पण मला आता रोज दोन चुली झेपत नाहीत, आणि पुढच्या रविवारी मिस्साला गेले नाही तर फादर माझं नाव घेऊन प्रवचन करतील. म्हणून हे पत्र. शनिवारच्या घोडागाडीने ये. निखारे राखेखाली झाकून ठेवते. रविवारी तुझी चूल तूच फुंक.

तुझीच, छडीतली वाटेकरीण,
विनिफ्रेड