मनालीच्या आवाजाची सोनोग्राफी

लोअर परळ, ४ फेब्रुवारी २०२५

आदरणीय जाईआत्यास,
मनालीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, म्हणून पत्र. घाबरू नकोस. माझ्या गळ्यात उजवीकडे थायरॉइडची सुपारीएवढी गाठ आहे. तपासणीत संशयास्पद निघाली, म्हणून पुढच्या महिन्यात परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन.

भीती गाठीची नाही, आवाजाची. आवाजाची नस थायरॉइडला अगदी खेटून जाते म्हणे. विहारातली रविवारची वंदना बारा वर्षं मी घेते, गाथाही तूच शिकवल्यास. आवाज गेला तर मी कोण उरले, असं वाटत राहतं.

आता हस. स्वरतंतू नीट हलतात का, हे बघायला सोनोग्राफी सांगितली. सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे एकच नियम: पाणी प्यायचं आणि रोखून धरायचं. बुद्धभूषणने दीड लिटर पाजलं. तासभर मांड्या आवळून बसले, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, मान बघायचीय, पाणी कशाला? मी थेट संडासाकडे धूम ठोकली. नवरा माझा अजून चाळभर सांगत फिरतोय.

रिपोर्ट परवा समजावणार आहेत. प्रकृती जप, माया राहू दे.

तुझी
मनाली

देवरुख, १० फेब्रुवारी

चि. मनालीस,
जाईआत्याचा जय भीम व अनेक आशीर्वाद.

हसून पुरेवाट झाली. पण मी तरी कुठली शहाणी? कान तपासायला मी उपाशीपोटी गेले होते!

आवाज डोळ्यांनी दिसतो हे मात्र नवलच. असलं यंत्र बहिऱ्यांच्या घरी द्यायला हवं. काय दिसलं, ते नीट लिही.

आणि मी कोण उरले, असलं पुन्हा लिहिलंस तर येऊन कान पिळीन. माझे कान जाऊन सहा वर्षं झाली, मी जाईच आहे. जावईबापूंना आशीर्वाद. उत्तराची वाट बघते.

जाईआत्या

लोअर परळ, १७ फेब्रुवारी

आदरणीय आत्यास,
सविनय जय भीम. वि. वि.

मानेवर गार जेल लावून यंत्र टेकवलं. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा दिसल्या, घराच्या छपरासारख्या तिरक्या. श्वास घ्या म्हटल्यावर उघडायच्या, ई म्हणा म्हटल्यावर मिटायच्या. पुरुषांचा गळा वयाने टणक होतो, तेव्हा इतकं स्वच्छ दिसत नाही म्हणे. बुद्धभूषणचं तोंड उतरलं, त्यालाही बघून घ्यायचं होतं.

पण आत्या, रिपोर्ट समजावताना कळलं, उजवी रेघ हलत होती, डावी जागची हललीच नव्हती. नाकातून दुर्बीण घालून खात्री केली, तेच निघालं. कधीपासून, कोण जाणे. वर्षभर आवाज बसायचा, मी खडूच्या धुळीवर ढकलत आले. शाळेतल्या बाईंचा घसा बसायचाच, असं मानून चालले. स्वतःचाच राग आला.

म्हणजे माझी सगळी भिस्त उजव्या तंतूवर, आणि गाठही उजवीकडेच. ती नस दुखावली तर आवाज जाईलच, श्वासालाही अडचण. सर्जन म्हणाले, आधी कळलं हे बरं झालं. आता फक्त उजवा भाग काढतील आणि नस जपायला इशारा देणारं यंत्र लावतील. ऑपरेशन ६ मार्चला आहे. आत्या, मला खूप भीती वाटते. येशील का?

तुझी
मनाली

देवरुख, १४ मार्च

चि. मनालीस,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

सुखरूप पोचले. बुद्धभूषणने दिलेली चकली गाडीतच संपवली. गाठीचा रिपोर्ट साधा आला, हे त्याने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तो कागद उशाशी आहे.

एक गोष्ट तिथे सांगायची राहिली. ऑपरेशननंतर तू डोळे उघडलेस, तेव्हा बुद्धभूषण खाली औषधं आणायला गेला होता. खाटेशी मी एकटीच. तू माझ्याकडे बघून ओठ हलवलेस. ‘आत्या’ म्हणालीस, एवढं कळलं. पण आवाज फुटला की नुसते ओठ हलले, हे मला कसं कळावं? विचारायचं कुणाला? उभ्या जन्मात बहिरेपणाचा इतका राग आला नव्हता.

खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नर्सबाई पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी लिहीत होत्या. तू पुन्हा ओठ हलवलेस, आणि त्या वळून तुझ्याकडे बघायला लागल्या.

मी तिथेच रडले गं.

तुझी
जाईआत्या