मेजावरचे पाव

४ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे अ. आ. देवदयेने इकडे दोघंही मजेत. म्हणजे मी थकलेली आणि बाबा मजेत.

वसतिगृहाच्या जेवणघरासाठी बाबा चित्र करतायत, हे मागे कळवलंच होतं. पुनरुत्थानानंतरचा तो प्रसंग: दोन शिष्य वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला आग्रहाने जेवायला थांबवतात, तो पाव मोडतो आणि तेव्हा त्यांना उमगतं की हा तर आपला प्रभू. चेहरे, हात, अंगरखे सगळं सुरेख उतरलंय. फळीवर खडू-सरसाचा थर मी दिला, सोन्याचा वर्खही मीच चिकटवला, तेव्हा थोडं कौतुक माझंही कर.

घोटाळा पावाचा झालाय. चित्रात पाव एकच हवा. पण काल काढलेला बाबांना आज आठवत नाही, म्हणून रोज सकाळी नव्या हुरुपाने दुसरा काढतात. रंग ओला असतानाच मी तो पुसून टाकायचे. मध्ये मी तापाने अंथरूण धरलं आणि तेवढ्यात मेज भरलं! वसतिगृहाचे फादर आले, ते पाव बघून पोट धरून हसले. म्हणाले, आता पुसू नका, आमची पोरं काही एका पावात भागणारी नाहीत.

१८ तारखेला, रविवारी चित्र जाईल. त्याआधी शनिवारी जेवायला ये. दीड वर्ष झालं तुला येऊन.

लोभ आहेच, तो टपालावर भागवू नये.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,

सादर सलाम. पावांचं वाचून क्रेनच्या केबिनमध्ये एकटाच हसत बसलो. खाली गोदीतले लोक म्हणत असतील, याला उंची बाधली. दुपारचा डबा मी इथेच वर खातो. खाली उतरून परत चढायचं म्हणजे जेवलेलं जिरूनच जातं.

यावंसं वाटत नाही असं नाही. पण मागे फोनवर बाबांनी मला, आपण कोण, असं विचारलं. मी सांगितलं, तर चुकीचा नंबर लागलाय म्हणून अगदी अदबीने फोन ठेवला. ताई, ती अदब मला फार लागली. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. समोर बसून त्यांनी तेच विचारलं तर घास घशाखाली उतरायचा नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसा मीही दुरूनच बरा.

राग मानू नकोस. मानलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


१३ मार्च

चि. भित्र्यास,

अ. आ. पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. मला तरी ते रोज कुठे ओळखतात? कधी मी त्यांची बहीण असते, कधी पगारी स्वयंपाकीण. स्वयंपाकीण असते त्या दिवशी सुपाची तारीफ जास्त होते, एवढाच फायदा.

माणसं विसरले, पण अन्नावरची प्रार्थना एक शब्द न चुकता म्हणतात, आणि आमेन झाल्यावर आधी दुसऱ्याच्या ताटाकडे बघतात. त्यासाठी मी देवाचे रोज उपकार मानते. तू मुलगा म्हणून येऊ नकोस हवं तर, भुकेला माणूस म्हणून ये. शनिवारी मी चौकट आणायला सुताराकडे जाईन. जेवण झाकून ठेवते. तुझी फजिती बघायला घरात कोणी नसेल.

वाट बघणारी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,

सादर सलाम. तू चौकट घेऊन आलीस तेव्हा मी भांडी घासत होतो आणि सगळं सांगायचं राहून गेलं. म्हणून लिहितो.

मी आलो तेव्हा बाबा पावच काढत होते. मागे वळले. मी कोण, हे त्यांनी विचारलंच नाही. लांबून आलात का, जेवलात का, एवढंच विचारलं. नाही म्हणालो. त्यांनी हात पुसले, ताटं मांडली, प्रार्थना केली. पाव मोडला आणि मोठा तुकडा मला दिला. काय करता म्हणाले, तेव्हा क्रेनचं सांगितलं, वर एकट्याने जेवतो तेही सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. माणसाने एकट्याने जेवू नये म्हणाले, इकडे येत चला. उठायला लागलो तर बाही धरली. दिवस कलला, आता कुठे जाता, थांबा म्हणाले. चित्रातल्या त्या दोघांनीही वाटसरूला असंच धरून ठेवलं असेल.

लहानपणी मला वाटायचं, आपण त्यांचे म्हणून ते वाढतात. परवा मी त्यांचा कोणीच नव्हतो, ताई, आणि तरी मोठा तुकडा माझा होता. अशा माणसाच्या पोटी जन्मलो, याचे आभार कसे मानू ते मला कळत नाही.

शनिवारी येतोय. त्यापुढच्याही. बाबा विचारतील, जेवलात का. मी दर वेळी नाही म्हणून सांगेन.

तुमच्या मेजावरचा,
धाकटा