भाता मारणारी

दादा, पेटी द्यायची होती तर द्यायची, तुमचीच होती, पण माझ्या अंगाची हळद उतरली नव्हती तर दिली! पहिल्या खेपेला माहेरी आले अन् बघते तर कोनाड्याखालची जागा मोकळी. तिथं ज्वारीचं पोतं. मी विचारलं, पेटी कुठंय? "दिली तुझ्या चुलत भावाला," म्हणलात अन् बशीतला चहा पिऊ लागलात. बस, एवढंच. सात वर्षं त्या पेटीचा भाता मी मारला. बाप म्हणून एकदा तरी म्हणायचं होतं, पोरी, थोडी तुझी बी हाय. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, मी पन्नाशीला टेकले, तरी ते पोतं डोळ्यापुढून हालत न्हाई. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, लिहायला येळ लागतो, हात दुखतो, तरी आज बसले. कारण काम अडलंय. तुमचं गाणं अडलंय. आई गेल्यावर तुम्ही बांधलं ते, 'आंगण झाडाया कोण उठंल गं, आता कोण उठंल.' तुम्ही ते ना कॅसेटीत भरलं, ना वहीत उतरवलं. आता ते फक्त माझ्यात उरलंय, अन् एका जागी ते मला बी येत न्हाई.

कसं येईल? तुम्ही शिकवलं कुठं? अंकुशनगरच्या साखर कारखान्याला ऊस घेऊन जाताना बैल बुजला, गाडीचं जू तुमच्या डाव्या हातावर आलं, पंजा गेला. सगळे म्हणले, आता पेटी संपली. तुम्ही दोन महिने पेटी उघडली न्हाई. मंग एक दिवस मला हाक मारली, पेटीच्या मागं बसवलं अन् म्हणलात, "हाण भाता." मी धा वर्षांची. तेव्हापासून सूर तुमच्या उजव्या हाताचा अन् हवा माझी. पेटीचं झाकण उभं असायचं, त्याच्या आडून मला तुमची बोटं कधी दिसलीच न्हाईत. मला दिसायचं तुमचं तोंड. तुम्ही भुवई उचलली की जोर, डोळे मिटले की सावकाश. "दे" म्हणलात की द्यायची, "थांब" म्हणलात की हात आवरायचा. बांगड्या लाकडावर वाजायच्या म्हणून तुम्ही जुन्या उपरण्याची पट्टी फाडून माझ्या मनगटाला बांधली होती, एका हातानं अन् दातानं गाठ मारून. तुम्ही मला दिलेली तेवढीच एक वस्तू. अन् एकदा तुम्ही पाणी प्यायला उठलात तर मी गुपचूप पलीकडं जाऊन एक पांढरी पट्टी दाबली. एकच. तुम्ही दारातूनच आलात अन् चापट मारली. "तुझं काम हवेचं. सुराला हात लावायचा न्हाई." लागली न्हाई जास्ती. पण मी त्यानंतर कधीच कोणत्या पेटीला हात लावला न्हाई, भजनाला गेले तरी टाळ घेऊन लांब बसते.

आता तुमची नात. तुम्ही तिला पाह्यलं न्हाई. पुण्याला नोकरी करती, फटकळ आहे, माझ्यावर गेली. पंधरा दिवस सुट्टी काढून आली अन् संगं एक चपटी काळी फळी घेऊन आली, वर पेटीसारख्या पांढऱ्या-काळ्या पंचवीस पट्ट्या. ना भाता, ना छिद्र, ना पितळ. म्हणली, "मम्मे, तू आपल्या पिठाच्या गिरणीत दळताना ते गाणं गुणगुणतेस ना, ते आपण भरून ठेवू. न्हाईतर तुझ्यासंगं जाईल." मी म्हणलं, मी अजून गेले न्हाई, जल्दी काय तुला? पण बसले, गिरणीतच. पट्टी दाबली. आवाज न्हाई. जोरात दाबली. न्हाई. म्हणलं, फसवलं तुला दुकानदारानं, मुकी आहे ही. ती हसून राह्यली. "आवाज यात नसतोच. आवाज लॅपटॉपात. ही फक्त सांगती, कोणती पट्टी दाबली, किती जोरानं, किती येळ." मंग तिनं वायर जोडली, लॅपटॉपात गाण्याचं सॉफ्टवेअर उघडलं. तरी आवाज न्हाई. तिथं कुठं तरी या फळीच्या नावापुढं खूण करायची राह्यली होती. ती केली. मंग एक लाल गोल दाबायचा राह्यला होता. तो दाबला. अन् आला की दादा, पेटीचा आवाज! पण मागून. बोट आधी, सूर नंतर, बहिऱ्याला हाक मारल्यावर तो वळतो तसा. मी म्हणलं, असलं मला न्हाई जमणार, उचल. तिनं कुठला तरी आकडा कमी केला अन् सूर बराबर बोटाखाली आला.

पुढं जे झालं त्याला तुम्ही हसला असता. लॅपटॉपाचं झाकण माझ्यापुढं उभं. उजव्या हातानं पट्टी दाबली अन् माझा डावा हात आपोआप गेला त्या झाकणावर अन् हाणला भाता. लॅपटॉप खाटकन बंद! "मम्मे, काय करून राह्यलीस!" पुन्हा उघडलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा माझा हात गेला. तिसऱ्या खेपेला ती चिडली, "हात बांधून ठेवू का तुझा?" अन् मला काय झालं कोण जाणे, मी रडायला लागले. गिऱ्हाईक दळणाचा डबा घेऊन दारात उभं, मला लाज बी वाटंना. तिला मंग सांगितलं. तुमचा पंजा, भाता, "दे" अन् "थांब", सगळं. इतक्या वर्षांत मी तिला हे कधी सांगितलंच नव्हतं. तिनं लॅपटॉप पुन्हा उघडला. मंग म्हणली, थांब. त्या फळीला डाव्या बाजूला दोन चाकं आहेत. पहिल्यानं सूर वाकडा होतो, ते सोडलं. दुसरं तिनं हवेला जोडलं. चाक खाली घेतलं की सूर बारीक होत मरतो, वर सरकवलं की भरतो. "घे," म्हणली, "हा तुझा भाता."

तिथून गाणं सापडायला लागलं, दादा. बोटाला काही ठाऊक नव्हतं. पण हात चाकावर गेला की तुमचं तोंड दिसायचं, इथं भुवई, इथं डोळे मिटले, अन् त्या मागोमाग बोट चाचपडत बराबर पट्टीवर यायचं. चार दिवस दुपारी, गिरणी चालू ठेवूनच. मी म्हणलं, गिरणीच्या पट्ट्याचा खडखडाट भरला जाईल की. ती म्हणली, "न्हाई गं, याला बाहेरचं काहीच ऐकू येत न्हाई." बरं वाटलं अन् वाईट बी वाटलं. म्हंजे आमचं बोलणं न्हाई येणार, माझा श्वास न्हाई येणार. तुम्ही जरी इथं बसून "दे" म्हणलात तरी ते याला ऐकू जाणार न्हाई.

सगळं झालं, एक जागा राह्यली. 'कोण उठंल गं, आता कोण उठंल', यातला दुसरा 'कोण'. तिथं तुम्ही हळूच "थांब" म्हणायचात. मी हात आवरायची, पेटीतली उरलीसुरली हवा संपेपर्यंत तो सूर बारीक होत जायचा. मी तुमच्या डोळ्याकडं बघत असायची, त्यात पाणी यायचं. सूर कोणता, ते कुणी ऐकलं!

मंग मी चुलत भावाकडं गेले. पेटी माळ्यावर, भाता उंदरांनी खाल्लेला. मी म्हणलं, वाजवली तरी का रे कधी? तो म्हणला, "आक्का, मला कुठं येती? काका स्वतः डोक्यावर घेऊन आले. मी नको म्हणलं, काका, तुम्ही काय वाजवणार मंग? तर म्हणले, भाता मारणारी गेली, आता पेटी डोळ्यापुढं नको." गाणं विचारलं तर त्यानं ऐकलं बी नव्हतं. चहा न पिताच उठले मी. एसटीत बसले अन् आमची टेंभुर्णी येईपर्यंत खिडकीकडं तोंड. मला वाटलं होतं, पोरगी परक्याची झाली म्हणून पेटी तिच्या हाताला लागू दिली न्हाई. तीस-बत्तीस वर्षं मी तुमच्यावर रागावून काढली. तुमच्या शेवटच्या दुखण्यात बी दोनच दिवस राह्यले, गिरणीचं निमित्त काढून परत आले. एक वाक्य, दादा. जे पुतण्याला सांगितलं ते मला सांगायला काय झालं होतं? बशीतला चहा गार झाला असता का?

आता ऐका. हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, ठाऊक आहे मला. पण सांगते. त्या दुसऱ्या 'कोण'वर तुमचा सूर मला सापडला न्हाई, तिथं मी माझा घातला. काळी पट्टी आहे. पोरीला म्हणलं, आजोबांचाच आहे. खोटं बोलले. अन् खरं सांगू का, तो मला आवडला. पोरगी म्हणती, यातला सूर नंतर बी वर-खाली सरकवता येतो, पण शुक्रवारी संध्याकाळी ती गाणं पक्कं करणार अन् शनिवारी पुण्याला जाणार. म्हणून शुक्रवारपर्यंत सांगा. स्वप्नात येऊन सांगा, कसं बी सांगा, पण पट्टी कोणती ते बराबर सांगा. न्हाई सांगितलं तर माझाच राहील, अन् मंग चापट मारायला यायचं न्हाई.