तिसऱ्या कडव्यातली मोकळी जागा

नगुना बेट,
१२ मार्च

चि. कालमेट यास,
ताईचे अ. उ. आ. वि. वि.

तू पाठवलेलं पार्सल पोचलं. लॅपटॉप, दोन माइक आणि वायरींचं ते भेंडोळं. ते सोडवता सोडवता माझा शनिवार गेला. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण बागेत जायचं सोडत नाही. बाबा गेल्यापासून त्यांच्या बँडमधल्या एकाही पुरुषाने दाढीला हात लावलेला नाही. सिमिऑनकाकांची दाढी तर नारळाच्या काथ्यासारखी झाली आहे. मुळांचा कावा प्यायला बसले की अर्धा कावा ते पितात, अर्धा दाढी पिते. जुलैअखेर शोक उतरवायचं जेवण आहे, त्या दिवशी सगळ्या दाढ्या उतरतील.

त्याआधी बाबांनी बांधलेलं बोटीचं गाणं रेकॉर्ड व्हावं अशी आईची इच्छा आहे. विला शहरात आणि तिकडे तुमच्या शेतांवर तोडणीला गेलेली आपली माणसं काही जेवणाला येणार नाहीत. त्यांनी निदान ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं.

पण तुझ्या नव्या सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी आमच्या नाकी नऊ आणले. गाणं किती वेगाने वाजवणार ते त्याला आधी सांगायचं म्हणे. मग ते कानात टकटक करत राहतं. काकांनी जरा वेळ ऐकलं, हेडफोन काढून गवतावर ठेवला आणि विचारलं की आत जो कोणी ठोकतोय त्याला हे गाणं कुणी शिकवलं. तुझी दुसरी सूचना होती, एकेकाने वेगळं वाजवा. तेही करून पाहिलं. विलीची युकुलेली काकांच्या त्या खोक्या-दोरीच्या बासची काठी वाकताना दिसल्याशिवाय सुरूच होत नाही. काकांना नाचणाऱ्यांचे पाय दिसायला हवेत. बायका तर एकमेकींच्या श्वासावर गातात, एकीने सोडलं की दुसरी उचलते. वेगवेगळं बसवलं तर प्रत्येकाकडे गाण्याचा एकेक तुकडा आणि गाणं कुणाकडेच नाही, असं झालं.

शेवटी टकटक बंद केली. आंब्याखाली सगळे नेहमीसारखे समोरासमोर बसले, मी माइक मध्ये ठेवले, गोल बटण दाबलं आणि मीही गायला बसले. कोंबडा आरवलाय, त्याला इलाज नाही.

रोझचा नवरा परवा तोडणीला निघतोय, त्याच्या हाती पेनड्राइव्ह देते. थोडं स्वच्छ कर, पण फार हात चालवू नकोस. तिसऱ्या कडव्याचं तर तुला वेगळं सांगायला नकोच.

आईचा आशीर्वाद. माझाही आहे, पण तो उत्तर लवकर आलं तरच.

तुझी,
लेनासेईताई

*

ब्रिस्बेन,
९ एप्रिल

ती. ताईस,
कालमेटचा शि. सा. न. वि. वि.

रोझचा नवरा पेनड्राइव्ह घेऊन आला, बरोबर आईने दिलेली वाळवलेली केळीही. पेनड्राइव्ह धड होता, केळी वाटेतच संपली म्हणाला.

आधी काकांना सांग की त्यांचा राग मला मान्य आहे. मी शनिवार-रविवार इथल्या पोरांची गाणी रेकॉर्ड करतो. ती एकेकटी येतात, काचेपलीकडे उभी राहतात, टकटक ऐकत गातात. त्यांना ते सोयीचं पडतं. तुम्हीही तसंच कराल असं मी धरून चाललो, हे माझं चुकलं. कॅसेटच्या काळात दोन बोटं दोन बटणांवर ठेवायची आणि वाजवायचं, एवढंच होतं. मग संगणक आला आणि त्याने सगळ्यांना शाळेसारखं रांगेत उभं केलं. पण ताई, आता हीच सॉफ्टवेअरं बदलतायत. माझ्याकडच्या या नव्या आवृत्तीत टकटकीची सक्ती नाही. तुम्ही आधी वाजवायचं, मग ती तुमचा वेग शोधते आणि आपली तालाची फूटपट्टी तुमच्या हाताप्रमाणे वाकवते. नाचणाऱ्यांचे पाय तापले की गाणं जरा पुढे पळतं, ते मला पडद्यावर चढासारखं दिसलं. मी बसून बघत राहिलो.

मग मात्र मी कामाला लागलो. कोंबडा काढला. दुसऱ्या कडव्यात सगळे फारच धावले होते, तेवढं सरळ केलं. आणि तिसऱ्या कडव्यात वरचा आवाज आलाच नव्हता. बास एकटाच चालत राहतो आणि वर कुणी नाही. वाटलं, बाबांसारखं वर कुणाला जाता आलं नसेल. माझ्याकडे बाबांची जुनी कॅसेट आहे. आताचं सॉफ्टवेअर सगळ्या गलक्यातून एकाच माणसाचा गळा वेगळा काढून देतं. मी बाबांचा आवाज त्यातून काढला आणि त्या जागी बसवला. इतका नेमका बसला की मला रडू आलं. मी त्यांच्या मातीलाही पोचलो नव्हतो, ताई. वाटलं, माझ्या हातून त्यांच्यासाठी निदान एवढं तरी झालं.

आईला आधी सांगू नकोस, एकदम ऐकव.

आईला माझा नमस्कार, काकांच्या दाढीलाही.

तुझा,
कालमेट

*

नगुना,
२ मे

चि. कालमेट,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे एकदम ऐकवलं. नशीब माझं, की घरात आई, काका आणि मी एवढेच होतो.

तिसऱ्या कडव्यात बाबांचा आवाज आला तेव्हा काकांनी हातातली वाटी खाली ठेवली. आई उठली. चुलीपाशी गेली, रताळी सोलली. संध्याकाळी त्या रताळ्यांचं लापलाप वाढायला बसली तेव्हा तिने बाबांचं पान मांडलं. त्यांचा वाटा वाढला, वर नारळाचं दूध घातलं आणि दाराकडे बघत बसली. मी ते पान उचललं नाही. माझी हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळाने काकांनी ते पुढे ओढलं आणि निमूट खाऊन टाकलं.

मी तुझ्यावर फार चिडले. पहिल्या दिवशी लिहायला बसले असते तर कागद फाटला असता. मग काका म्हणाले की पोराला ठाऊक असेल कसं, तो इथे होता तेवढ्या वर्षांत बँडमधलं कुणी मेलंच नाही. ते खरं आहे. तुला वेगळं सांगायला नको असं मी लिहिलं होतं, आणि नेमकं तेच सांगायला हवं होतं. तर आता सांगते.

आपल्या बँडची रीत अशी आहे की एखादा गळा गेला की दाढ्या उतरेपर्यंत त्याची जागा कुणी घ्यायची नाही. बास चालू राहतो, वर मोकळं राहतं. ती चूक नव्हे. तिथे सगळे मुद्दाम गप्प बसतात, आणि गप्प बसायला गाण्यापेक्षा जास्त जोर लागतो. तू ऐकलंस ते हे. शोक उतरवायच्या दिवशी त्या घरातलं कुणीतरी उठतं आणि ती जागा घेतं. बाबांनी त्यांच्या मोठ्या काकांची जागा अशीच घेतली होती, तुझ्या जन्माआधी. आणि कुणी उठलं नाही तर ते गाणं बँड पुन्हा वाजवत नाही. कायमचं बांधून ठेवतो.

माझा गळा खालचा, हे सगळ्या बेटाला माहीत आहे. आपल्या घरात वरचा आवाज बाबांनी एकालाच शिकवला, बोटीत बसवून. म्हणजे ती मोकळी जागा बाबांची नाही रे. तुझी आहे. आणि तू तिथे बाबांनाच पुन्हा उभं केलंस.

आई सांगते ते तिच्याच शब्दांत लिहिते. ती म्हणते, मला राग नाही. आवाज त्यांचाच होता. पण हे गाताना ते माझ्याकडे बघायचे, त्या आवाजात बघणं नव्हतं. ती कॅसेट जपून ठेव, टाकू नकोस. फक्त त्या जागेवर नको.

आणि काकांचा निरोप: दुसरं कडवं तू इतकं सरळ केलंस की ते रविवारचे बूट घालून चर्चला निघाल्यासारखं वाटतं.

ये म्हणून मी जबरदस्ती करत नाही. रीत काय ती सांगितली.

ताई

*

ब्रिस्बेन,
२५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कामावर, गोदामाच्या पायरीवर बसून वाचलं. ते बाबांच्या पानाचं दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. आईचे पाय धरून माफी मागावीशी वाटते, पत्रात तेवढे हात पोचत नाहीत.

तुमचं मूळ रेकॉर्डिंग मी होतं तसं परत ठेवलंय. कोंबड्यासकट. आता मोकळ्या जागेकडे नीट कान लावला तर तिथे काय काय ऐकू येतं. विलीचा पाय वाजतो, कुणीतरी आवंढा गिळतं, काकांच्या काठीची करकर होते. मी आधी ते सगळं पुसून टाकलं होतं.

खरं सांगू, मला भीती वाटते. किती वर्षांत मी वरचा आवाज लावलेला नाही. गाडीच्या काचा वर करून गाऊन पाहतो. कधी लागतो, कधी म्हाताऱ्या बोकडासारखा फाटतो. इथे माइकपुढे गाऊन पाहिलं तर सॉफ्टवेअरने माझे निम्मे सूर लाल करून दाखवले आणि सरळ करू का म्हणून विचारलं. इथे करता येतील, पण आंब्याखाली गावासमोर कोण सरळ करणार?

रजेचं मी साहेबांशी बोललोय, मिळेल असं दिसतं. तिकिटाचंही जमेल. मी येतो, यंत्रापाशी बसतो आणि जेवणाच्या दिवशीचं रेकॉर्डिंग चांगलं करतो, एवढं माझ्याकडे लागलं. कुणीतरी हेडफोन लावून बसायला तर हवंच. गायचं विलीच्या मुलाला विचारून पाहा. तोही लांबून का होईना, घरातलाच.

लोभ आहेच, या वेळी थोडी क्षमाही असावी.

तुझा,
कालमेट

*

नगुना,
१४ जून

चि. कालमेट,
अ. उ. आ.

विलीच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ती जागा कालमेटकाकांची आहे, मी चोर नाही. आता बोल.

आणि यंत्रापाशी कुणीतरी बसायला हवं हे तू कुणाला सांगतोस? मार्चमध्ये मी बटण दाबलं आणि गायला बसले, हे तुला लिहिलं होतं. लॅपटॉप आंब्याखाली एकटा होता. रडला नाही की पळून गेला नाही. तुझ्या नव्या आवृत्तीला हे येतं, ते येतं म्हणून तू पानभर लिहिलंस. तिला गाणं संपेपर्यंत एकटं बसता येत नसेल तर आमच्या काय कामाची? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुझं अंगण तर चांगलं सपाट आहे.

आवाज फाटायचं म्हणशील तर बाबांचाही फाटायचा. काका बासवर थांबून त्यांना सावरून घ्यायचे, मग पुढे निघायचे. तुला ते कॅसेटवर कळलं नसेल, कारण तू त्यातून काकांना काढून टाकलंस.

एमुआच्या धक्क्यावर होडी घेऊन विली येईल. दाढी करून येऊ नकोस. आई तुला काहीच निरोप देत नाही. मी विचारलं तर म्हणाली, त्याचं तो बघेल. आणि लगेच तुझी चटई उन्हात टाकली.

ताई

*

ब्रिस्बेन,
१९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. हनुवटी अजून गार लागते. गोदामातल्या पोरांनी आधी मला ओळखलंच नाही, मग ओळखून फार हसले.

रेकॉर्डिंग आज ऐकलं. पोचल्यापासून पडून होतं, धीर होत नव्हता. आज रविवार, घरात कुणी नव्हतं, तेव्हा लावलं.

पहिली दोन कडवी मी माइकजवळ बसलोय, माझा श्वास ऐकू येतो. तुला आठवतं, तिसरं कडवं जवळ आलं तेव्हा तू गाता गाताच माझ्याकडे पाहिलंस. त्याच्या लगेच पुढे खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग गवतातून चालत गेल्याचा. मी उठलो तेव्हा मागे फिरावंसं वाटलं होतं ते मला आठवतं, पण आवाजात ते येत नाही, साधा माणूस चालत गेल्यासारखं वाटतं. मागे यंत्र एकटंच राहिलं आणि गपचूप काम करत राहिलं. इतकी वर्षं मी या सॉफ्टवेअरमध्ये काय नवं आलं ते शोधत होतो. मला आता वाटतं की आपल्यासारख्या, एकत्र बसून वाजवणाऱ्या माणसांना त्यातलं फार थोडं लागतं. ते चालू करून आपल्याला उठून जाता यावं, बस्स.

मग बास एकटा आहे. मी पहिल्याच सुरावर फाटतो. वाईट फाटतो, ताई. आणि काका थांबतात, तू लिहिलं होतंस तसेच. काठीची करकर होते, नुसती करकर. विली थांबतो, बायका थांबतात, नाचणाऱ्यांचे पाय थांबतात. मी दुसऱ्यांदा सूर लावतो, तो लागतो, आणि सगळे एकदम परत येतात. सॉफ्टवेअरने तिथे फूटपट्टी वाकवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्या जागी त्याला वेग सापडला नाही, पडद्यावर नुसती कोरी जागा दिसते.

एक गोष्ट मला त्या दिवशी ऐकू आली नव्हती. मी उठून गेल्यावर आई माझ्या खुर्चीवर येऊन बसली असावी, कारण तिचा आवाज अगदी माइकजवळ आहे. माझा दुसरा सूर लागतो आणि ती हळूच, शेजारच्या कुणाला तरी, म्हणते, आला एकदाचा.

नवी आवृत्ती असल्या गोष्टी आपण होऊन दाखवते. तेवढ्या जागेला पिवळी खूण केली आणि विचारलं, मध्येच कुणीतरी बोललंय, काढून टाकू का. मी नको म्हटलं. मग मागे जाऊन तेवढंच पुन्हा लावलं.

तोडणीवरच्या माणसांना आणि विलात द्यायच्या प्रती उद्या काढतो. सगळ्यांत ते तसंच राहील. आईला सांग, मी पुढच्या वर्षीही येतो, वरचा आवाज बोटीत बसूनच नीट करायला हवा.

लोभ लांबून वाढत नाही हे आता कळलं, तरी मी येईपर्यंत आहे तेवढा सांभाळून ठेव.

तुझा,
कालमेट