जेद्द्याच्या यार्डातली रिकामी खुर्ची

रविवार, ५ जानेवारी
आमच्या जेद्द्याच्या स्टील यार्डाचा मॅनेजर आज कायमचा गावी गेला. खुर्ची रिकामी. प्रॉडक्शन मी सांभाळतो, मग माझ्याशिवाय आहे कोण? पंकज! साधा वेल्डिंग इन्स्पेक्टर, पण मालक उसामांच्या केबिनमध्ये रोज चहा ढोसतो.
संकल्प : यापुढे चिडायचं नाही. चिडायचं ते फक्त इथे.

सोमवार, ६ जानेवारी
झोयाच्या अकरावीच्या पुस्तकात रोमन सम्राट आहेत. शिकवायला बसलो तर म्हणाली, अब्बा, आय कॅन रीड. बरं बाई. मी माझं वाचलं. इसवी सन ६९, एका वर्षात चार सम्राट! गाल्बाला सैनिकांनीच कापला, ऑथोने स्वतःला संपवलं, व्हिटेलियसला रस्त्यातून फरफटत नेऊन मारला. शहाणा एकटा व्हेस्पेशियन. लांब इजिप्तमध्ये बसून राहिला, गादी त्याची झाली. मीही थांबणार. तोंडातून ब्र नाही.
बायकोला, रईसाला समजावलं. ती म्हणाली, त्याच्यापाशी फौज होती, तुमच्यापाशी काय आहे? हिला इतिहास कळत नाही.

बुधवार, ८ जानेवारी
थांबणं बास! पंकज पुन्हा केबिनमध्ये, दार लावून. आतून हसण्याचे आवाज. माझ्यावरच हसत असणार, दुसरं काय?
व्हेस्पेशियनची फौजसुद्धा शेवटी रोमवर चालून गेलीच. माझे वेल्डर म्हणजे माझी फौज. एका गोदामासाठी बनवलेले खांब उद्याच ट्रेलरवर चढवतो, ठरल्या तारखेच्या आधी. बघू दे मालकाला.
क्रेनने उचलायला प्रत्येक खांबाला लोखंडी कान वेल्ड करतात. प्लेट जाड, म्हणून आधी तापवायची, वेल्डनंतर ब्लँकेटात गुंडाळून सावकाश थंड करायची, मग टेस्ट. सगळे पंकजचे लाड. स्टील आहे की बाळंतीण? तापवणं बंद, ब्लँकेटं बंद, टेस्ट बंद. वेल्डर एकमेकांकडे बघत राहिले. ओरडलो, यल्ला, चला, हात चालवा!
संकल्प मोडलेला नाही. यल्ला म्हणजे चिडणं नव्हे.

गुरुवार, ९ जानेवारी
पहिलाच खांब उचलला आणि कान तुटला. खांब खाली, वेल्डर चहाला बसतात त्या बाकावर. बाकाचा भुगा. क्षणभर आधीच पंकजने 'हटो सब' म्हणून सगळ्यांना मागे रेटलं होतं, नाहीतर... मी खाली बसून घेतलं. उन्हाने.
स्टीलच भिकार. तसं वर कळवणार होतो, तोवर पंकजने तुटलेला कान समोर धरला. वेल्डमध्ये भेग. हळूच म्हणाला, मुस्तफाभाई, प्लेट तापवली नव्हती ना? मी म्हटलं, मला विचारणारा तू कोण?

रविवार, १२ जानेवारी
उसामांनी बोलावलं. म्हणाले, पंकज तिकडे अबकैकच्या तेलाच्या प्लांटवर चाललाय, हे केव्हाच ठरलं होतं. त्याला इथली खुर्ची नकोच होती. रोज येऊन तुझंच नाव सांगायचा, मुस्तफाला मॅनेजर करा. बुधवारी संध्याकाळी तुझ्या नेमणुकीच्या ऑर्डरवर सही केली. गुरुवारी दुपारी फाडली. खलास.
आता मॅनेजर रियाधहून येणार. मी क्रेनच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही.
संताप संताप झाला. उसामांपेक्षा पंकजवर जास्त. एवढा चांगला वागत होतास तर तोंडाने सांगायला काय झालं होतं?
घरी रईसाने विचारलं, झालात का मॅनेजर?
म्हटलं, झालो होतो. बुधवार संध्याकाळपासून गुरुवार दुपारपर्यंत.
म्हणाली, अगोबाई, मग सांगितलं का नाहीत?
म्हटलं, मलाच माहीत नव्हतं.