डॉक्टरांनी घरातल्यांबद्दल विचारलं तेव्हा

आई, तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुझी नात त्यानंतर चार वर्षांनी झाली. आता पंधरा वर्षांची आहे, दहावीत. तिचे बाबा जहाजावर असतात, त्यामुळे वर्षातले सात-आठ महिने माणिकपूरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच. तुला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून आधी सांगितलं.

गणपती झाले आणि ती गप्प होत गेली. आधी जेवताना बोलेना, मग माझ्याबरोबर जेवेनाशीच झाली. शाळेतून आली की कपडेसुद्धा न बदलता भिंतीकडे तोंड करून पडायची. मी म्हटलं, दहावीचं वर्ष आहे, दमत असेल. मग एक दिवस तिच्या मैत्रिणीची आई बाजारात भेटली. म्हणाली, "अहो, तुमच्या लेकीनं रंगांची अख्खी पेटी आमच्या मुलीला देऊन टाकलीय. परत दिली तर घेत नाही." ती पेटी तिच्या बाबांनी बाहेरून आणलेली. मलासुद्धा हात लावू द्यायची नाही ती. मी भाजी न घेताच घरी आले. विचारलं, तर म्हणाली, "मला आता नकोय ती." एवढंच. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन आला. वर्गातल्या मुलींनी मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये तिची खूप टिंगल केली होती, आणि हिने वहीच्या शेवटच्या पानावर जे लिहिलं होतं ते बाईंनी मला फोनवर वाचून दाखवलं नाही. म्हणाल्या, "रागावू नका तिला. आजच डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टर माझ्याहून लहान असतील. आधी तिच्याशी एकटीशी बोलल्या, मग मला आत बोलावलं. झोप, जेवण, मैत्रिणी, सगळं विचारलं आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "घरात आधी कुणी जीव द्यायचा प्रयत्न केलाय का?" मी लगेच म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे असलं काही नाही." त्या म्हणाल्या, "दोष काढायला विचारत नाही मी. या वयात कारण कधी एकच नसतं. शाळेतला छळ, तुटलेली झोप, घरातलं एकटेपण, आधी घरात कुणाच्या बाबतीत घडलेलं, हे एकावर एक साचत जातं. जेवढं कळेल तेवढं तिला जपायला सोपं." मग विचारलं, "तुम्ही तिला सरळ विचारलंत का, मरावंसं वाटतं का म्हणून?" मी म्हटलं, "विचारलं तर नसलेलं डोक्यात यायचं." "नाही येत," त्या म्हणाल्या. "उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलांना हलकं वाटतं."

मी मावशीला फोन केला तो खरं तर रडायला. तुझ्यामागे मला दुसरं कोण आहे? ती अजून वाडीतच राहते. डॉक्टरांचा प्रश्न सांगितला तशी ती घरची बोली सोडून शाळेतली मराठी बोलायला लागली. अवघड काही सांगायचं असलं की ती तशीच बोलते. म्हणाली, "तू नाही म्हणालीस? मग परत जा आणि हो म्हण. तुझी आई." मला कळेचना. "तुझी आई, सोळा वर्षांची असताना. नापास झाली होती. आजोबांनी चारचौघांत मारलं आणि शाळा बंद केली. देवाच्या दयेने वेळेवर लक्षात आलं. मी नऊ-दहा वर्षांची. मला सांगितलं, ताईला सोडून कुठे जायचं नाही. का, ते कुणीच सांगितलं नाही. दोन वर्षं मी तिच्या मागे मागे फिरले, गं. तिनेही कधी विषय काढला नाही, मीही नाही."

फोन ठेवला आणि मला तो दिवस आठवला. मी नववीत, गणितात नापास. तू स्वयंपाकघरात पाट घेऊन मोड आलेले वाल सोलत बसली आहेस. मी प्रगतिपुस्तक तुझ्यासमोर टाकते आणि म्हणते, "मी मेले तर बरं होईल सगळ्यांचं." तू उठतेस. ओल्या हाताची थप्पड बसते, वालाची सालं माझ्या गालाला चिकटतात. "पुन्हा हे तोंडातून काढशील तर बघ." आयुष्यात तू मला मारलंस ते तेवढंच. नंतर तू दिवसभर बोलली नाहीस आणि इतकी वर्षं मी समजत होते की ते मार्कांसाठी होतं. आई, तू घाबरली होतीस ना? पण मला तुझा राग आला, आजही येतोय. मला का मारलंस? का विचारलं नाहीस? घरात एकट्या तुलाच माहीत होतं, तसं बोलणारी मुलगी कुठे उभी असते ते.

मी डॉक्टरांकडे परत गेले आणि हो म्हणाले. मग तिलाही सांगितलं, रविवारी सकाळी, गॅलरीत, कपडे वाळत घालताना, कारण समोरासमोर बसून मला जमलं नसतं. ती हातात टॉवेल घेऊन ऐकत राहिली. म्हणाली, "आजी? फोटोतली?" मग म्हणाली, "तिला कुणी विचारलं नव्हतं का?"

"नाही."

"कुणीच?"

"कुणीच नाही." मग मी तिच्याकडे बघून विचारलं, "तुला वाटतं का गं, मरावंसं?"

बराच वेळ ती चिमटे लावत राहिली. "वाटायचं. रोज. आता कधी कधी वाटतं." आणि मग ती रडली, मला धरून, लहानपणी रडायची तशी.

तेव्हापासून चार महिने झाले. ती दर गुरुवारी डॉक्टरांकडे जाते. शाळेने त्या मुलींच्या पालकांना बोलावलं. ती माझ्याबरोबर जेवते. कधी बोलते, कधी नाही. माझी भीती गेलेली नाही, पण आता मी रोज विचारते आणि ती रोज खरं सांगते, असं मला वाटतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. परवा तिने मला विचारलं, "मम्मी, तुला कधी वाटलं होतं का तसं?" मी नाही म्हणाले. खोटं होतं ते. अकरावीचं अख्खं वर्ष मला तसं वाटत होतं, तुझ्या घरात, तुझ्या हातचं जेवत. तिला अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगितलं, कारण तू आता काही विचारणार नाहीस.